कडबा जनावराला, पाचट रानाला, काटकी यंत्राला

शेतातल्या टाकाऊ काडीपासून दगडी कोळशाची जागा घेणारी कांडी कशी बनते, आणि सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यात तिच्यासाठी नेमकं काय वापरावं?

एक किलो खणखणीत वाळलेलं उसाचं पाचट घ्या आणि तेवढंच वाळलेलं बाभळीचं लाकूड घ्या. दोन्ही वेगवेगळ्या चुलींत घाला. पाचट भडकन पेटतं, ज्वाळा तव्याच्या बाहेर येतात आणि दुसरी भाकरी थापून होईपर्यंत चुलीत नुसती राख उरते. बाभळीच्या ढलपीवर मात्र बऱ्याच भाकऱ्या होतात आणि मागं राहिलेल्या निखाऱ्यांवर दुधाचं पातेलंही तापतं.

यावरून वाटतं, की बाभळीत दम आहे आणि पाचट पोकळ आहे. प्रयोगशाळा वेगळंच सांगते. पूर्ण वाळलेल्या पाचटातून किलोमागे साधारण ४,००० किलोकॅलरी उष्णता निघते. एक लिटर पाणी एका अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते. म्हणजे एवढ्या उष्णतेत ५० लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत जाऊ शकतं. बाभळीची उष्णता याहून थोडी जास्त भरते, पण चुलीवर दिसणारा फरक तेवढ्यानं उलगडत नाही.

मग पाचटातली उष्णता जाते कुठं? या प्रश्नाच्या उत्तरातच शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन करण्याचं सगळं तंत्र आहे. या इंधनाला बाजारात ‘ब्रिकेट’ किंवा ‘व्हाइट कोल’ म्हणतात, शेतीच्या लिखाणात ‘कांडी कोळसा’.

आच तेवढीच, वेग वेगळा

लाकूड थेट जळत नाही. ते तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं. मग दोनशे-तीनशे अंशांच्या पुढं त्याचं विघटन होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडतात. आपल्याला दिसणारी ज्वाळा म्हणजे हे जळणारे वायूच. वाळलेल्या काडीच्या वजनाचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघून जातो. उरतो तो कोळसा, आणि तो निखारा होऊन सावकाश जळतो.

वायू किती वेगानं सुटणार, हे इंधनाच्या पृष्ठभागावर ठरतं. उसाच्या पानाची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास धरली, तर एक किलो पाचटाचा दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग अंदाजे १० चौरस मीटर भरतो. एका लहान खोलीची फरशी भरेल एवढा. तेच एक किलो पाचट दाबून नऊ सेंटिमीटर जाडीची कांडी केली, तर तिची लांबी वीतभरही होत नाही आणि पृष्ठभाग जेमतेम अर्धा चौरस फूट राहतो. पहिल्या ठिकाणी सगळ्या पानांना एकदम धग लागते आणि सगळा वायू एकदम सुटतो. चुलीत तेवढी हवा नसते. त्यामुळं काही वायू धूर होऊन न जळताच जातो आणि जो जळतो तोही भांड्याला न लागता बाहेर. दुसऱ्या ठिकाणी आग बाहेरून आत, थराथरानं जाते.

गुऱ्हाळावर हे रोज दिसतं. चुलवाणासमोर बसलेल्या जळव्याला क्षणाची उसंत नसते. वाळलेली चिपाडं टाकली की भडकतात, विझायला लागायच्या आत पुढची टाकावी लागतात. काहिलीतला रस एकसारखा उकळत ठेवायचा, तर इंधनाच्या मोकळेपणाची किंमत त्या माणसाच्या मेहनतीनं चुकवावी लागते.

ट्रॉली भरते, वजन भरत नाही

मोकळ्या काडीची दुसरी अडचण वाहतुकीची आहे. सैल भरलेलं पाचट एका घनमीटरला ५० किलोच्या आसपास बसतं. १० घनमीटरची ट्रॉली शिगोशीग भरली, दोर बांधले, तरी वजन जेमतेम अर्धा टन. दाबलेल्या कांडीची स्वतःची घनता घनमीटरला १,००० ते १,२०० किलो असते. कांड्यांमध्ये फटी राहतात हे धरूनही त्याच जागेत सहा टन माल बसतो. डिझेल तेवढंच, ड्रायव्हर तोच, माल बारा पट.

म्हणूनच दूरच्या बॉयलरनं शेतातला काडीकचरा थेट विकत घेणं परवडत नाही. रानातली उष्णता फुकट असली, तरी ती हलवणं फुकट नसतं.

देशात पिकांचे अवशेष वर्षाला सुमारे ७५ कोटी टन निघतात आणि त्यातले साधारण २३ कोटी टन चारा, सरपण, छपरं असे सगळे उपयोग भागूनही शिल्लक राहतात, असा केंद्र सरकारच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अभ्यासाचा अंदाज आहे. हा माल एका ठिकाणी नसतो. तो लाखो बांधांवर मूठमूठ पसरलेला असतो. यंत्राचं खरं काम उष्णता निर्माण करणं नाही. विखुरलेली, सैल उष्णता आटोपशीर करणं, एवढंच ते करतं.

गोंद न घालता काडी चिकटते कशी?

ब्रिकेट हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो. एवढी घट्ट कांडी, तर तिच्यात काहीतरी चिकट घातलंच असेल. बहुतेक ब्रिकेटमध्ये काहीही घातलेलं नसतं. डिंक वनस्पतीचा स्वतःचा असतो.

प्रत्येक खोडात, फांदीत, पानात तीन मुख्य घटक असतात. सेल्युलोज म्हणजे लांब, ताणाला टिकणारे धागे. हेमिसेल्युलोज या धाग्यांना एकमेकांशी जोडून ठेवतं. आणि या सगळ्यांच्या फटींत भरलेलं लिग्निन, ज्याच्यामुळं खोड ताठ उभं राहतं. वाळलेल्या काडीत लिग्निनचं प्रमाण साधारण १५ ते २५ टक्के असतं.

लिग्निनचा स्वभाव गुळाचा आहे. काहिलीत गूळ पातळ असतो, साच्यात ओतला की साच्याचा आकार घेतो आणि निवला की अशी ढेप होते, की फोडायला बत्ता लागतो. लिग्निनही साध्या हवेत टणक असतं. साधारण १०० ते १५० अंशांच्या दरम्यान ते मऊ पडायला लागतं, आणि काडीत थोडा ओलावा असेल तर आणखी लवकर. त्याच क्षणी जोराचा दाब दिला, तर शेजारशेजारच्या कणांतलं लिग्निन एकमेकांत मिसळतं. निवलं की तिथंच थिजतं. ढेप जशी गरम असताना साच्यातून काढली तर मोडते, तशी कांडीही निवेपर्यंत बंदिस्त ठेवावी लागते.

ही युक्ती जुनी आहे. शिकागोच्या विल्यम स्मिथ यांनी १८८० मध्ये लाकडाचा भुसा तापवून वाफेच्या हातोड्यानं ठोकून त्याच्या विटा करण्याचं पेटंट घेतलं होतं. आजचं यंत्र वेगवान झालं आहे, पण तत्त्व तेच आहे: तापवा, ठोका, निववा.

यंत्राच्या आत

आपल्याकडं सर्वाधिक वापरलं जातं ते पिस्टन पद्धतीचं यंत्र. त्यातला प्रवास असा.

पहिली पायरी बारीक करण्याची. फांद्या-खोडांचे आधी श्रेडरमध्ये किंवा कडबाकुट्टीच्या जातीच्या यंत्रात तुकडे होतात, मग ते हॅमर मिलमध्ये सहा-आठ मिलिमीटरपर्यंत बारीक होतात. अगदी पिठासारखी भुकटी नको असते. थोडे लांबट कण एकमेकांत अडकतात आणि कांडीला बळ देतात.

दुसरी पायरी वाळवण्याची. ओलावा ८ ते १२ टक्के असावा लागतो. कोकणात यासाठी ड्रायर लागेल. आटपाडीत मात्र पावसाळा सोडला तर उन्हात पातळ पसरलेला माल खळ्यावरच वाळतो. कमी पावसाचा तालुका असण्याचा हा दुर्मीळ फायदा.

तिसरी पायरी ठोकण्याची. मोटर एक जड फ्लायव्हील फिरवते. त्याच्या जोरावर रॅम, म्हणजे पोलादी दांडा, मिनिटाला अडीचशेहून जास्त वेळा पुढं-मागं होतो. प्रत्येक वेळी समोर पडलेला घासभर भुसा तो निमुळत्या पोलादी नळीत, म्हणजे डायमध्ये ठोसतो. तिथं दाब चौरस सेंटिमीटरला हजार किलोच्या वर जातो. घर्षणानं डाय तापते, लिग्निन मऊ होतं आणि भुशाची चकती आधीच्या चकतीला चिकटते. मागची चकती पुढचीला ढकलत राहते आणि दुसऱ्या टोकानं ६० ते ९० मिलिमीटर जाडीचा अखंड दंडगोल बाहेर येतो.

चौथी पायरी निवण्याची. डायमधून निघालेली कांडी वाफाळलेली आणि नाजूक असते. ती काही मीटर लांबीच्या पट्ट्यांच्या मार्गावरून सरकत जाते, त्या वेळात निवते आणि शेवटी स्वतःच्या वजनानं हातभर लांबीची तुटते. अशी ताजी कांडी गुडघ्यावर आडवी मोडून पाहा. तुटलेल्या तोंडावर गोल थर दिसतात. एकेक थर म्हणजे रॅमचा एकेक ठोका. थर सहज सुटे होत असतील, तर माल ओला होता किंवा डाय पुरेशी तापली नव्हती.

दुसरं यंत्र स्क्रू पद्धतीचं. त्यात फिरता स्क्रू माल रेटतो आणि डाय बाहेरून विजेनं तापवतात. त्या कांडीच्या मधोमध आरपार भोक असतं, त्यामुळं ती चांगली जळते. पण स्क्रू लवकर झिजतो. म्हणून आपल्याकडं ठोक्याचं यंत्रच जास्त रुळलं.

तीन वैरी: पाणी, माती, राख

ओल्या मालाचं नुकसान दुहेरी आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला ६०० किलोकॅलरींहून जास्त उष्णता लागते. ३० टक्के ओलावा असलेल्या एक किलो पाचटात जळण ७०० ग्रॅमच असतं आणि त्यातल्या १८० किलोकॅलरी तर ३०० ग्रॅम पाणी उडवण्यातच जातात. शिवाय डायमध्ये अडकलेली वाफ बाहेर पडताना कांडी फोडते. अति वाळलेला मालही चालत नाही. थोडा ओलावा नसेल तर लिग्निन नीट मऊ होत नाही आणि कांडी भुसभुशीत निघते.

दुसरा वैरी माती. रानातून ओढत आणलेल्या काटक्यांना वाळू चिकटलेली असते. भात, ऊस यांच्या पानांत तर मुळातच सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ असतो. हजार किलोच्या दाबाखाली ही वाळू पोलाद घासते. रॅमचं टोक आणि डाय यांची झीज हा या धंद्यातला नेहमीचा खर्च आहे.

तिसरा वैरी राख. मक्याच्या दाणे काढलेल्या कणसात राख एक-दोन टक्के, शेंगांच्या टरफलांत दोन ते चार, कापसाच्या पऱ्हाट्यांत तीन ते पाच, पाचटात पाच ते दहा आणि भाताच्या तुसात तब्बल वीस टक्क्यांच्या आसपास निघते. भारतीय दगडी कोळशात ती ३० ते ४० टक्के असते, हे पाहता बहुतेक काडी स्वच्छच म्हणायची. पण पानांच्या राखेत पोटॅश जास्त असतं. सिलिकाबरोबर ते बॉयलरच्या तापमानाला वितळतं, निवल्यावर त्याचे कठीण खडे होतात आणि जाळी बुजते. खोडाफांद्यांच्या राखेचा हा त्रास तुलनेनं कमी.

फलटणची वाट: आधी कोळसा, मग कांडी

पाचटाचं काय करायचं, या प्रश्नावर आटपाडीच्याच पट्ट्यात वेगळं उत्तर शोधलं गेलं. ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, म्हणजे ‘आरती’, ही संस्था १९९६ मध्ये सुरू झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे तिचे संस्थापक. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला संस्थेचं ग्रामीण केंद्र होतं. पाचट जनावरं खात नाहीत, ते लवकर कुजत नाही, म्हणून ऊसतोड झाली की शेतकरी ते पेटवून देतात. ही आग भट्टीत कोंडून तिचा कोळसा करावा, असा विचार कर्व्यांनी केला. या कामात डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांचाही मोठा वाटा होता.

भट्टीची रचना चतुर होती. मोठ्या पिंपात झाकणबंद छोटे डबे, त्या डब्यांत गच्च भरलेलं पाचट. डब्यांच्या तळाला बारीक छिद्रं. बाहेरून थोडं पाचट जाळून डबे तापवायचे. आत हवा नसल्यानं पाचट जळत नाही, फक्त त्यातला वायू सुटतो. तो छिद्रांतून बाहेर येऊन पेटतो आणि डबे आणखी तापवतो. म्हणजे एकदा सुरू झालं, की भट्टी स्वतःचं इंधन स्वतः पुरवते. शेवटी डब्यांत भरलेल्या दहा किलो पाचटाचा साधारण तीन किलो कोळसा उरतो.

हा कोळसा भुकटीच्या रूपात असतो आणि इथं डिंक बाहेरून घालावाच लागतो. कारण भट्टीत लिग्निनचंही विघटन झालेलं असतं. म्हणून भुकटीत पिठाची खळ किंवा शेण कालवून साध्या यंत्रातून कांड्या पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. या कामासाठी आरतीला २००२ मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. संस्थेनं ‘सराई’ नावाचा वाफेचा कुकरही तयार केला. त्यात सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो.

फलटणच्याच निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तिसरी वाट चोखाळली. पाचट न दाबता त्यापासून वायू तयार करायचा आणि तो भट्टीत जाळायचा, अशी ही रचना होती.

यातली कोणती वाट चांगली? कामावर ठरतं. कोळसा करताना निम्म्याहून जास्त उष्णता वायूबरोबर जाते, शिवाय पाचटातली सगळी राख कमी वजनात एकवटते. पण हाती येणारी कांडी धुराशिवाय जळते, म्हणून ती स्वयंपाकघराची. मात्र बंद खोलीत ती कधीही जाळू नये. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. न जाळता नुसती दाबलेली ब्रिकेट बॉयलरची. तिच्यात जवळपास सगळी उष्णता शाबूत असते, पण धूर जाळून टाकायला मोठी भट्टी आणि भरपूर हवा लागते. साध्या चुलीत अख्खी ब्रिकेट घातली तर ती घुसमटते. तुकडे करून, खाली जाळी ठेवून पेटवली तरच नीट जळते.

आटपाडीत काय दाबावं?

आता खरा प्रश्न. यंत्र काहीही दाबेल. शेंगांची टरफलं, सरमाड, पाचट, फांद्या. त्याला भेद नाही. भेद आपण करायचा आहे.

आटपाडी ज्या माणदेशात येते, तिथं ज्वारीचा कडबा आणि बाजरीचं सरमाड हा कचरा नाही, ते दावणीचं धन आहे. खिलार जनावरांचा हा मुलूख. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात इथं चारा छावण्या उघडाव्या लागल्या. ज्या तालुक्यात जनावरं जगवण्यासाठी ट्रकनं चारा आणावा लागतो, तिथं चांगल्या वर्षी उरलेला कडबा गंजीत राहिला पाहिजे. उसाचे वाढेही त्याच हिशेबात.

पाचटाची गोष्ट गुंतागुंतीची आहे. टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी आटपाडीत आणलं, पीकपद्धत बदलली आणि बाजरीच्या रानात ऊस आला. एका हेक्टर उसातून ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, पाऊण ते एक टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. शिवाय खोडव्याच्या सरीत पसरलेलं पाचट जमिनीवरचं ऊन अडवतं आणि बाष्पीभवन कमी करतं. जे पाणी दूरवरून, वीज जाळून, टप्प्याटप्प्यानं उपसून आणलं, ते उन्हानं उडू न देणं हा पाचटाचा सर्वांत मोठा उपयोग आहे. कृषी विभागाची शिफारसही तीच: एक टन पाचटावर ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन वापरून ते जागेवरच कुजवा. खोडवा मोडून रान रिकामं करायचं असेल आणि एरवी काडी ओढणारच असाल, तर ते पाचट यंत्राला देणं जाळण्यापेक्षा केव्हाही बरं.

मग यंत्राच्या वाट्याला काय? जे जनावर खात नाही आणि जे जमीन वर्षभरात पचवत नाही ते. आटपाडीत असा सर्वांत लक्षवेधी माल डाळिंबाच्या बागेत आहे. बहार धरण्याआधी छाटणी होते तेव्हा काटेरी फांद्यांचे ढीग बांधावर पडतात. तेल्या, म्हणजे जिवाणूंमुळं येणारा तेलकट डाग, पडलेल्या बागेत हे ढीग ठेवणं म्हणजे पुढच्या बहाराला रोग राखून ठेवणं. म्हणून त्या फांद्या बागेबाहेर काढून जाळा, असाच सल्ला दिला जातो. मर रोगानं वाळलेली झाडं तर मुळासकट काढावी लागतात. ही सगळी लाकडं पक्की, कमी राखेची आणि चांगल्या लिग्निनची. फक्त रोगट फांद्या दुसऱ्या बागांच्या कडेनं उघड्या ट्रॉलीतून फिरवू नयेत. आपल्याच बांधावर तुकडे करून, कडक उन्हात वाळवून, झाकून न्याव्यात.

त्याखालोखाल तुराट्या, मक्याची दाणे काढलेली कणसं, शेंगांची टरफलं, एरंडाची खोडं आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळ. विदर्भ-मराठवाड्यात हीच जागा पऱ्हाट्यांची आहे. तिथं पऱ्हाट्या वेळेत उपटून शेताबाहेर गेल्या, तर गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही मोडतो. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं नागपूरचं केंद्र पऱ्हाट्यांच्या इंधनावर काम करतं.

हिशेब जुळतो का?

ऊर्जेचा हिशेब सरळ जुळतो. एक टन ब्रिकेटमध्ये सुमारे ४० लाख किलोकॅलरी, म्हणजे ४,६०० युनिटच्या घरातली उष्णता असते. बारीक करण्यापासून ठोकण्यापर्यंत टनामागे वीज ६० ते १०० युनिट लागते. तेवढी वीज बनवताना तिप्पट उष्णता खर्च झाली असं धरलं, तरी खर्च सहा-सात टक्क्यांच्या पुढं जात नाही.

मालाचा हिशेब कठीण आहे. तासाला एक टन काढणारं छोटं यंत्र दिवसाला आठ तास, वर्षाला २०० दिवस चाललं तरी १,६०० टन माल खातं. हेक्टरी तीन टन पऱ्हाट्या धरल्या तर ५०० हेक्टरहून जास्त रान झालं. माल हंगामात तीन-चार महिन्यांतच निघतो, यंत्राला मात्र वर्षभर लागतो. म्हणजे पत्र्याखालची कोरडी जागा हवी आणि आगीपासून बंदोबस्त हवा. तयार कांडीलाही पाण्याचं वावडं आहे. भिजली की काही मिनिटांत फुगून तिचा पुन्हा भुसा होतो.

गिऱ्हाईक मात्र मिळतं. वाफ लागणारे डेअरी, कापड प्रक्रिया, खाद्यतेल असे उद्योग हे नेहमीचे ग्राहक. शिवाय ऑक्टोबर २०२१ च्या धोरणानं औष्णिक वीजकेंद्रांना कोळशाबरोबर पाच टक्के जैवभार जाळणं बंधनकारक केलं, पुढचा टप्पा सात टक्क्यांचा ठरला. तिथं लागतात त्या पेलेट, म्हणजे याच तत्त्वावर पाडलेल्या बारीक गोळ्या.

‘नवीकरणीय’ कधी म्हणायचं?

दगडी कोळसा जळतो तेव्हा कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला कार्बन हवेत येतो. डाळिंबाच्या फांदीतला कार्बन तिनं गेल्या एक-दोन वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो. ती बांधावर जळाली काय, कुजली काय आणि बॉयलरमध्ये जळाली काय, तो परत हवेतच जाणार. फरक एवढाच, की बॉयलरमध्ये जळताना ती तेवढ्याच उष्णतेचा दगडी कोळसा वाचवते आणि गावातला धूर कमी होतो.

पण या म्हणण्याला अट आहे. पुढच्या वर्षी तेवढीच वाढ परत झाली पाहिजे. माल कमी पडला म्हणून यंत्रात बांधावरची लिंब-बाभूळ जाऊ लागली, तर त्याला नवीकरणीय म्हणता येत नाही. ती साधी वृक्षतोड आहे. दुसरी गोष्ट राखेची. नत्र धुराबरोबर जातं, पण स्फुरद आणि पालाश राखेत उरतात. कांडी विकताना राख परत घेण्याचा करार केला, तर रानातून नेलेलं थोडं तरी रानात परत येतं.

चौकट: थोडक्यात

- पाचट आणि लाकूड यांच्या उष्णतेत फार फरक नाही. फरक पृष्ठभागात आणि जळण्याच्या वेगात आहे.
- ब्रिकेटला गोंद लागत नाही. उष्णता आणि दाबानं काडीतलंच लिग्निन मऊ होऊन चिकटतं.
- ओलावा ८ ते १२ टक्के, कण सहा-आठ मिलिमीटर, माती शक्य तेवढी कमी.
- चांगली कांडी पाण्याच्या बादलीत टाकली की बुडते. तरंगली तर दाब कमी पडला आहे.
- दाबलेली ब्रिकेट बॉयलरसाठी, भट्टीतून काढलेल्या कोळशाची कांडी हवेशीर स्वयंपाकघरासाठी.
- कडबा, सरमाड, वाढे: जनावराला. खोडव्याचं पाचट: रानाला. छाटणीच्या फांद्या, तुराट्या, टरफलं, वेडी बाभूळ: यंत्राला.

गटानं यंत्र घ्यायचं असेल तर

शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी यंत्र घ्यायचं ठरवते तेव्हा चर्चा यंत्राच्या किमतीपासून आणि अनुदानापासून सुरू होते. ती मालापासून सुरू व्हायला हवी. आसपासच्या गावांत डाळिंबाची छाटणी कोणत्या महिन्यात होते, किती एकरांवर तूर आणि मका आहे, टरफलं कोण विकतं, ट्रॉलीला किती अंतर पडेल, पावसाळ्यात माल कुठं राहील, हे एका वहीत मांडा. त्या वहीत कडबा, सरमाड आणि खोडव्याचं पाचट धरू नका. ते वगळूनही वर्षाचा माल भरत असेल तर यंत्र जरूर घ्या. ते धरल्याशिवाय भरत नसेल, तर आटपाडीत तो धंदा करू नका.